हळदोण्याचा ट्रंपेटवादक

लग्नसराईचे दिवस आले म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर ह्या गावांच्या रस्त्यांवरून बँडचे सूर घुमू लागतात. नवरदेवाच्या घोड्यापुढे रंगीत गणवेश घातलेले वादक दोन ओळी करून चालत असतात. त्यांच्या हातांतील पितळी वाद्यांवर दिव्यांचा उजेड खेळतो. काही वाद्ये मोठी व वजनदार. त्यांचा आवाज जाडा आणि भुईतून उमटल्यासारखा खोल. काही लहान व सुटसुटीत. त्यांचा सूर मात्र धारदार, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पोहोचणारा. गावातील मुले वादकांच्या पुढे उलट्या पावलांनी चालतात आणि गाल फुगवून फुंकणाऱ्या त्या माणसांकडे डोळे विस्फारून पाहतात. यथावकाश वरात मांडवाशी येते, नवरदेवाला ओवाळले जाते, अक्षता पडतात, पंगती उठतात. ज्यांच्या सुरांनी ती मिरवणूक जिवंत केली, त्यांचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

वाजविणाऱ्यांच्या वाट्याला ही अनामिकता फार पूर्वीपासून आलेली आहे. चित्रपटातील एखादे गीत घरोघरी पोहोचते. ते गाणारा कोण, त्याला चाल लावणारा कोण, पडद्यावर त्यावर नाचणारा कोण, हे लहानथोर सर्वांना ठाऊक असते. पण त्या गीताच्या आरंभी ज्या सुरावटीने ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलू लागते, ती कोणाच्या श्वासातून निघाली, हे सांगणारे विरळा. अशा असंख्य अनाम वादकांपैकी एकाचे नाव सुदैवाने काळाच्या ओघात टिकून राहिले. हे नाव ऐकताच हसू यावे असे आहे. ते म्हणजे चिक चॉकलेट. ट्रंपेट ह्या पितळी वाद्यावर त्यांनी विलक्षण प्रभुत्व मिळविले होते, आणि जॅझ ह्या दूरदेशीच्या संगीताला मुंबईच्या मातीत रुजविणाऱ्यांत त्यांची गणना होते.

चिक चॉकलेट हे नाव रंगमंचावरचे होय. त्यांचे खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बारदेश तालुक्यात हळदोणे ह्या गावी झाला. म्हापसा नदीच्या काठी वसलेले हे गाव माडांच्या बनांनी, भातखाचरांनी आणि संत थॉमस यांच्या शुभ्र चर्चने शोभिवंत झालेले आहे. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. गावोगावच्या चर्चला जोडून एक लहानशी शाळा असे. तेथे धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकविले जाई. शिकविणाऱ्या गुरुजींना ‘मेस्त’ म्हणत. मुलांनी आधी स्वरांची नावे घोकावयाची, मग कागदावरील पाच समांतर रेघांवर लिहिलेले स्वर डोळ्यांनी वाचून गळ्याने म्हणावयाचे, आणि त्यानंतरच व्हायोलिनला हात लावावयाचा, असा तेथील शिस्तीचा क्रम होता. त्यामुळे त्या गावांतील कित्येक मुलांना अक्षरे वाचता येत, तसेच स्वरही वाचता येत. पुढे ह्याच विद्येने गोव्याच्या शेकडो कुटुंबांची चूल पेटती ठेवली.

चूल पेटती ठेवणे त्या काळी सोपे नव्हते. गोव्यात शेते लहान होती आणि कारखाने जवळजवळ नव्हतेच. म्हणून घरातील कर्ते पुरुष जहाजांवर नोकरीस जात, नाही तर मुंबईची वाट धरीत. मुंबईत धोबीतलाव व त्याच्या आसपासच्या वस्तीत गोव्याच्या निरनिराळ्या गावांनी आपापल्या माणसांसाठी ‘कूड’ स्थापिले होते. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालविलेले सामाईक निवासस्थान. एक पेटी ठेवण्यापुरती जागा, निजण्यापुरती जमीन आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रार्थना, एवढ्या आधारावर नव्याने आलेला माणूस ह्या अफाट शहरात तग धरीत असे. संगीत शिकलेल्यांना लष्करी बँड, संस्थानिकांचे दरबार आणि मोठी हॉटेले येथे काम मिळे. चित्रपट मुके होते तोवर पडद्यासमोर बसून प्रसंगाला साजेसे संगीत वाजविण्याचे कामही त्यांच्याकडे असे. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला, आणि हळूहळू हे काम नाहीसे झाले.

अशा परिस्थितीत मुलाने वाद्य वाजवून पोट भरावे, हे कोणत्या आईबापांना रुचेल? अँतोनियोने यंत्रे दुरुस्त करण्याची विद्या शिकावी आणि चारचौघांसारखी प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्याच्या घरच्यांची इच्छा होती. ह्यात त्यांची चूक होती असे म्हणता येणार नाही. यंत्र बिघडले की दुरुस्त करणाऱ्याची गरज पडतेच. गाणे थांबले तर जगाचे काय अडते? परंतु मुलाचे मन यंत्रांत रमत नव्हते. त्याला संगीताची ओढ होती, आणि तीही त्या काळी नव्यानेच कानांवर पडू लागलेल्या एका निराळ्या संगीताची.

त्या संगीताचे नाव जॅझ. त्याचा उगम अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स ह्या बंदराच्या शहरात झाला. आफ्रिकेतून ज्यांना बेड्या घालून अमेरिकेत आणले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबविले गेले, त्या लोकांचे वंशज तेथे राहत होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी अपमान संपला नाही. गोऱ्या लोकांच्या शाळा, गाड्यांतील आसने, खाणावळी, सर्व काही त्यांना वर्ज्य होते. ह्या लोकांनी आपल्या पूर्वजांच्या ताल-लयीची आठवण, शेतात राबताना गायिलेली गाणी आणि प्रार्थनेतील भजने ह्यांचा मेळ युरोपातून आलेल्या बँडच्या वाद्यांशी घातला. त्यातून जॅझ जन्मास आले. ट्रंपेट मुख्य चाल पुढे नेई, क्लॅरिनेट तिच्याभोवती नाजूक वेलबुट्टी काढी, आणि ट्रॉम्बोन व ट्यूबा ही जाड्या आवाजाची वाद्ये खालून भक्कम आधार देत. जॅझमधील मोठी मौज अशी की, वादक लिहिलेले सूर केवळ वाजवून थांबत नाही. ठरलेल्या चालीच्या चौकटीत राहून तो त्या क्षणी सुचेल ते नवे वाजवितो. आपल्याकडील गवई रागाची मर्यादा न ओलांडता तानांची नवनवी रचना करतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

ह्या संगीताचा सर्वांत थोर वादक लुई आर्मस्ट्राँग. तो १९०१ साली न्यू ऑर्लिन्समधील अत्यंत दरिद्री वस्तीत जन्मला. लहानपणी एका अपराधाबद्दल त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली, आणि तेथील बँडमध्ये त्याला ट्रंपेटच्या जातीचे कॉर्नेट हे वाद्य नीट शिकावयास मिळाले. पुढे त्याच्या ट्रंपेटने व घोगऱ्या, प्रेमळ आवाजाने सारे जग जिंकले. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून त्याचे सूर समुद्र ओलांडून हिंदुस्थानातही आले. हळदोण्याच्या अँतोनियो वाझला जो गुरू सापडला तो असा हजारो कोस दूर असलेला. एकलव्याला निदान गुरूची मातीची मूर्ती तरी समोर होती. येथे होती ती फिरणारी काळी तबकडी आणि तिच्यावर धावणारी सुई.

ट्रंपेट वाजविणे दिसते तितके सोपे नाही. सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरेल अशी पितळेची नळी वळवून हे वाद्य तयार करतात. त्याला केवळ तीन खटके असतात. खटका दाबला की हवेची वाट लांबते आणि सूर खाली उतरतो. तीन खटके कितीही प्रकारे दाबले तरी स्थिती सात-आठच होतात. मग इतके सूर निघतात कोठून? ते निघतात वादकाच्या ओठांतून. ओठ घट्ट अथवा सैल करून आणि श्वासाचा जोर कमीजास्त करून एकाच स्थितीतून अनेक सूर काढावे लागतात. पोटातून घेतलेला दीर्घ श्वास आणि वर्षानुवर्षे कमावलेले ओठ, हेच वादकाचे खरे भांडवल. चार दिवस सराव सुटला तर ओठ लगेच साक्ष देतात. ट्रॉम्बोनला खटक्यांऐवजी पुढेमागे सरकणारी नळी असते, आणि ट्यूबाची नळी तर कित्येक मीटर लांब असते. नळी जितकी लांब तितका सूर खालचा, हा नियम सर्व पितळी वाद्यांना सारखाच लागू पडतो.

जॅझ तबकड्यांवरून आले, तसेच ते प्रत्यक्षही मुंबईत आले. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या व्हायोलिनवादकाने कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. मायदेशी ज्या हॉटेलात वाजवावयाचे तेथेच मुक्काम करण्याचीही त्यांना बहुधा बंदी असे. येथे त्यांना मान मिळाला. ह्या पाहुण्यांच्या शेजारी बसून वाजविण्याची संधी गोव्याच्या काही वादकांना मिळाली. गोव्याचे वादक कागदावरचे कोणतेही संगीत क्षणात वाचू शकत. पण जॅझचा प्राण कागदावर उतरत नाही, हे त्यांना तेथे उमगले. सूर किंचित मागे ओढणे, अनपेक्षित जागी ठेका देणे, एखादा स्वर रडवेला करणे, ह्या गोष्टी कानांनीच शिकाव्या लागतात. चर्चच्या शाळेत डोळ्यांनी संगीत वाचावयास शिकलेली ती पिढी आता कानांनी शिकू लागली.

अँतोनियो वाझ ह्याच पिढीचे. तारुण्यातच ते ब्रह्मदेशात रंगून येथे गेले आणि ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करू लागले. त्या काळी रंगून हे भरभराटीचे बंदर होते आणि तेथे हिंदी लोकांची वस्ती फार मोठी होती. परंतु १९४१ सालच्या डिसेंबरात जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले, आणि तेथील लाखो हिंदी लोकांना मिळेल त्या वाटेने मायदेशाकडे यावे लागले. गाण्याबजावण्यावर जगणाऱ्यांना पूर्वेकडील ती शहरे बंद झाली. महायुद्धाच्या त्या धामधुमीत मुंबई मात्र सैनिकांनी, खलाशांनी आणि निर्वासितांनी गजबजून गेली होती. हॉटेलांना रोज सायंकाळी संगीत हवे होते, आणि चांगल्या वादकांना मागणी होती.

ह्या मुंबईत चिक चॉकलेट यांचे नाव झाले. ‘म्युझिक मेकर्स’ ह्या नावाचा अकरा वादकांचा संच त्यांनी उभा केला. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेल व शेजारचे ताजमहाल हॉटेल येथे त्यांचे वादन होई. उन्हाळ्यात धनिक मंडळी मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी जात, तेव्हा वाद्यवृंदही आपली बोचकी बांधून डोंगर चढे. अंगात टापटीप पोशाख, हातात चमकता ट्रंपेट, कपाळावरचा घाम टिपण्यासाठी पांढरा रुमाल आणि मध्येच ट्रंपेट खाली घेऊन काढलेला तो घोगरा गाता आवाज, असा त्यांचा थाट असे. पाहणाऱ्यांना लुई आर्मस्ट्राँगची आठवण झाल्यावाचून राहत नसे. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले, आणि ही पदवी त्यांना अखेरपर्यंत चिकटून राहिली.

अशी पदवी भूषणाची असते, तशीच ती कसोटीचीही असते. दुसऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला आपले स्वतःचे असे काही जगाला द्यावे लागते. ते न दिल्यास तो केवळ सावली होऊन राहतो. चिक चॉकलेट यांच्या कलेची ही कसोटी हॉटेलच्या दिवाणखान्यात लागली नाही. ती लागली गिरणगावातील कामगारापासून खेड्यातील शेतकऱ्यापर्यंत सर्व जण ज्यांचे रसिक होते, त्या हिंदी चित्रपटांत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि इंग्रज निघून गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील रात्रीच्या मैफली पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. त्याच सुमारास चित्रपटांचे संगीत मात्र बहरत होते. पूर्वी पाचसात वाद्यांत भागणाऱ्या गीतांना आता मोठा वाद्यवृंद लागू लागला. जॅझ वाजविणारे गोव्याचे वादक ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांकडे वळले. त्यांना दार उघडून देणाऱ्यांत एक मराठी संगीतकार अग्रभागी होते. ते म्हणजे सी. रामचंद्र, अर्थात रामचंद्र नरहर चितळकर. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली त्यांचा जन्म झाला होता. रागदारीची आणि मराठी मातीतील ठेक्यांची त्यांना उत्तम जाण होती, आणि पाश्चात्त्य संगीताविषयी मोकळे कुतूहल होते. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक झाले. पुणतांब्याचा चालकार आणि हळदोण्याचा ट्रंपेटवादक अशी ही जोडी जमली.

त्या काळी चित्रपटाचे गीत कसे तयार होई, हे जाणून घेण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल बसवी आणि ती गाऊन दाखवी. बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसे, आणि पाश्चात्त्य वाद्ये वाजविणाऱ्या बहुतेक वादकांना सरगमवरून वाजविण्याची सवय नसे. ह्या दोन काठांना जोडणारा पूल म्हणजे गोव्याचा साहाय्यक. तो चाल ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवून घेई. मग आरंभीचा तुकडा कोणत्या वाद्यांनी वाजवावा, दोन कडव्यांमधील जागा कशी भरावी, ट्रंपेट कोठे उसळावा, व्हायोलिने कोठे हळुवार व्हावीत, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी निराळा कागद लिहून काढी. त्यानंतर तालीम होई. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक व सारा वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवीत असे. शेवटच्या ओळीत एखाद्याचा सूर चुकला, तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. वादकांना मेहनताना मिळे तो त्या त्या कामापुरता. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर नावे झळकत, त्यांत वादकांची नावे क्वचितच असत.

ह्या पार्श्वभूमीवर १९५१ साली प्रदर्शित झालेल्या ‘अलबेला’ चित्रपटाचे महत्त्व ध्यानात येते. भगवान आभाजी पालव, म्हणजे सर्वांचे भगवानदादा, हे त्याचे निर्माते, दिग्दर्शक व नायक होते. गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्या ह्या मराठी कलावंताची नाचण्याची एक साधी, डौलदार ढब होती. ती पाहून कोणालाही आपणही असे नाचू शकू असे वाटे. नायिका गीता बाली होत्या आणि संगीत सी. रामचंद्र यांचे होते. ‘शोला जो भडके’ ह्या गीतासाठी क्यूबा वगैरे बेटांकडील ठेका योजिला गेला, आणि चित्रपटातील एका गीतात चिक चॉकलेट व त्यांचे सहकारी स्वतः पडद्यावर दिसले. झालरी लावलेल्या बाह्यांचे सदरे घालून, आपापली वाद्ये घेऊन ते मोठ्या आनंदाने वाजवीत आहेत. एरवी काचेच्या पलीकडे, काळोखात राहणारे वादक लक्षावधी लोकांना दिसले. पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांची नावे ठाऊक होती. पण त्यांचे चेहरे चित्रफितीवर कायमचे उमटले, हेही थोडे नव्हे.

त्याच वर्षी ‘नादान’ हा चित्रपट आला. त्याचे संगीतकार म्हणून चिक चॉकलेट यांचेच नाव होते. तलत महमूद यांच्या मुलायम कंठातील त्यातील एक गीत रसिकांच्या स्मरणात राहिले. भडक ठेक्यांचा वादक म्हणून ज्यांना लोक ओळखीत, त्यांना मंद, हळुवार चालही तितकीच साधते, हे त्यातून दिसून आले. आणखी काही चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, तरी स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा फारसा जम बसला नाही. सी. रामचंद्र यांच्याप्रमाणेच मदनमोहन यांच्यासाठीही त्यांनी साहाय्यकाचे काम केले. ट्रंपेट त्यांनी कधी सोडला नाही. चित्रपटाच्या कामातून मोकळे झाले की ते आपल्या वाद्यवृंदाकडे परतत.

त्यांच्याच वाटेने चालणारे गोव्याचे इतरही गुणी कलावंत होते. फ्रँक फर्नांड हे उत्तम ट्रंपेटवादक. त्यांनी अनेक संगीतकारांना साहाय्य केले आणि १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांना व्हायोलिनांचे भरजरी वस्त्र चढविले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे थोर शिक्षक. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांचा संगम घडविण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गमतीदार गीतात गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभर दुमदुमले, पण ह्या नावाचा माणूस खरोखर आहे, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते. ह्या सर्वांचे श्रम आज जुन्या गीतांच्या पोटात, पायाच्या दगडांसारखे, न दिसता उभे आहेत.

१९६१ साली डिसेंबर महिन्यात गोवा मुक्त झाला आणि चिक चॉकलेट यांची जन्मभूमी भारतात सामील झाली. तोवर त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ मुंबईतच गेला होता. १९६६ साली ‘आखरी खत’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. संगीतकार खय्याम यांनी त्यासाठी योजिलेल्या एका रात्रीच्या गीतात चिक चॉकलेट ट्रंपेट वाजविताना दिसतात. चेहऱ्यावर वयाच्या खुणा उमटल्या आहेत, पण सूर तसाच मोकळा आणि भरदार आहे. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी त्यांनी नुकतीच गाठली होती.

घरच्यांच्या इच्छेप्रमाणे अँतोनियो वाझ यंत्रे दुरुस्त करू लागले असते, तर कदाचित त्यांना अधिक सुखाचे आणि निश्चित उत्पन्नाचे आयुष्य लाभले असते. वादकाच्या वाट्याला आलेली अस्थिरता त्यांनी जाणूनबुजून पत्करली. ज्या संगीताचा जन्म गुलामांच्या दुःखातून झाला, ते त्यांनी सातासमुद्रांपलीकडून ऐकले आणि आपलेसे केले. चर्चमधील शाळेची शिस्त, न्यू ऑर्लिन्सची मोकळीक आणि मराठी संगीतकाराची चाल ह्या तीन प्रवाहांना त्यांच्या ट्रंपेटच्या नळीत एकत्र वाट मिळाली. आर्मस्ट्राँगची सावली म्हणून ज्यांना कोणी हिणविले असेल, त्यांना ‘अलबेला’च्या गीतांनी उत्तर दिले. त्या गीतांतील ट्रंपेट न्यू ऑर्लिन्समध्ये कोणी वाजविला नव्हता. तसा तो वाजू शकला केवळ मुंबईत.

लग्नाच्या वरातीत आजही पितळी वाद्ये वाजतात, आणि जुन्या चित्रपटांच्या ठेकेदार चाली हा त्यांचा ठेवणीतला ऐवज असतो. एखादा वादक श्वास भरून घेतो, ओठ आवळतो, आणि ट्रंपेटचा सूर मिरवणुकीच्या डोक्यावरून झेप घेतो. खालून जाड्या आवाजाची वाद्ये त्याला आधार देतात. असा सूर कानांवर पडला म्हणजे हळदोण्याच्या त्या मुलाची आठवण ठेवावी. आणि वरात मांडवाशी पोहोचल्यावर, वाद्ये खाली ठेवून घाम पुशीत बसलेल्या वादकांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यावा, आणि त्यांची नावे विचारावी.